समुद्र न पाहिलेली मुले आणि जहाजी शाळेचे पहिले दिवस

अडाणकाठ यांचा प्रश्न

विदर्भातल्या खेड्यांतून व्यापारी जहाजांवर गेलेल्या आणि आता गावी परतून स्थिरावलेल्या मंडळींसाठी हा प्रश्न आहे. (अडाण ही आमच्या दारव्हा तालुक्यातली नदी आहे; नावाचा दुसरा अर्थ कृपया कोणी काढू नये.) मी १९८१ साली खलाशी होण्यासाठी प्रशिक्षणाला गेलो, पुढे सुखाणी (सुकाणू धरणारा) झालो, शेवटची काही वर्षे सारंग (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) म्हणून काढली आणि आता बारा एकरांत तूर व पऱ्हाटी करतो. माझ्या चुलतभावाचा नातू यंदा बारावी झाला असून त्याला जी. पी. रेटिंगच्या, म्हणजे डेक आणि इंजिन दोन्हीकडचे खलाशी घडवणाऱ्या, अभ्यासक्रमाला जायचे आहे. पगाराची सगळी माहिती त्याने मोबाइलवरून आधीच काढून ठेवली आहे, परंतु परवा ओट्यावर बसून त्याने विचारले, "आबाजी, पहिल्या महिन्यात तिथं करून काय घेतात?" मी सांगायला लागलो आणि माझ्याच ध्यानात आले की नोकरीतली बंदरे मला ओळीने सांगता येतात, पण शाळेतले दिवस मात्र मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतात.

जे आठवते ते लिहितो. दारव्ह्याहून शकुंतलेत (आमच्याकडच्या छोट्या रेल्वेगाडीत) बसलो तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची पेटी होती आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी, ठेचा व तिळाची चटणी होती. गाडीला तेव्हा वाफेचे इंजिन होते. मूर्तिजापूरला उतरून मुंबईची मोठी गाडी धरायची, एवढेच वडिलांनी सांगितले होते, कारण त्यापुढचे त्यांनाही ठाऊक नव्हते. सकाळी व्ही.टी.ला उतरलो आणि दुपारी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. तो निळा नव्हता. आमच्या अडाणीला श्रावणात पूर येतो तशाच मातकट रंगाचा होता आणि त्यामुळे मला, खरे सांगायचे तर, जरा धीर आला.

पाण्याची भीती मला नव्हती, कारण पाठीला वाळलेला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली आमची पिढी आहे. तरीही पहिल्या आठवड्यात मी अडलो तो पाण्यापाशीच. आम्हाला लाइफजॅकेट दिली गेली. ती तेव्हा कापडी कप्प्यांची असत आणि आत मऊ, तंतुमय असे काहीतरी भरलेले असे. माझ्या जॅकेटची शिवण एके ठिकाणी उसवली होती. त्यातून पांढरा पुंजका बाहेर आलेला पाहून मी उस्तादांना म्हणालो की हे घालून मी उडी मारणार नाही. कापूस वेचणाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाला ओला कापूस किती जड होतो हे कोणी शिकवावे लागत नाही. पावसात भिजलेले गाठोडे डोक्यावरून आणताना मान कशी मोडते ते मी अनुभवलेले होते. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी तो पुंजका माझ्या हातावर ठेवला, पाण्याच्या बादलीत बुडवायला लावला आणि वर आल्यावर पिळायला सांगितले. पिळण्यासारखे त्यात काही नव्हतेच. तो कापूस आपल्या पऱ्हाटीचा नव्हता, पांढऱ्या सावरीच्या बोंडांतला होता. त्याच्या तंतूवर मेणासारखा थर असतो आणि तंतू आतून पोकळ असल्याने तो पाणी न पिता तरंगत राहतो. आमच्या गावच्या शिवेवर लाल फुलांची काटेसावर उभी आहे. तिच्या बोंडांतला कापूस आम्ही फक्त उशांत भरत होतो.

त्यानंतर मी उडी मारली आणि तीही चुकीची. विहिरीत मारतात तसा मुटका मारला. जॅकेट पाण्यावर आपटून वर सरकले आणि हनुवटीला असा तडाखा बसला की दोन दिवस भाकरी चावता आली नाही. एका हाताने नाक धरायचे, दुसरा हात आडवा घेऊन जॅकेट खाली दाबून ठेवायचे, पाय सरळ जुळवायचे आणि खाली न पाहता समोर पाहत पाऊल टाकायचे, हे मी त्या दुखऱ्या हनुवटीमुळे शिकलो आणि नंतर कधीही विसरलो नाही.

तर माझा प्रश्न असा आहे. आपल्या भागातून गेलेल्या मुलाला शाळेत नेमके काय जड गेले, गावाकडचे काय अनपेक्षितपणे उपयोगी पडले, आणि शाळेने शिकवलेले काय आजही हातात राहिले आहे? मुलाला वाचून दाखवणार आहे, म्हणून जसे घडले तसेच लिहावे.


माणिकगड यांचे उत्तर

अडाणकाठभाऊ, मी राजुऱ्याकडचा. मी मुंबईला गेलो नाही. १९७७ मध्ये विशाखापट्टणमला मेखला या प्रशिक्षण जहाजावर गेलो. त्या काळी रेटिंगसाठी कलकत्त्याला भद्रा, विशाखापट्टणमला मेखला आणि गुजरातेत नवलखीला नौलक्षी अशी तीन जहाजे होती. आमच्याकडच्या माणसाला बल्लारशाहून काझीपेठ-विजयवाड्याची वाट मुंबईपेक्षा ओळखीची होती, कारण सीमेवरच्या बाजारात आम्ही लहानपणापासून तेलुगू ऐकत आणि मोडकीतोडकी बोलत आलो. त्यामुळे इतर मराठी मुलांना जे सर्वांत जड गेले, म्हणजे भाषा, ते मला गेले नाही. मला जड गेली ती झोप. चार तासांचा पहारा, दर अर्ध्या तासाला घंटेचा एक टोला वाढवत आठव्या टोल्याला पहारा संपवायचा आणि पुन्हा आठ तासांनी उभे राहायचे, हे डोक्याला कळत होते पण अंगाला कळत नव्हते. घंटेचे टोल मोजता मोजता मी उभ्यानेच झोपलो होतो, आणि नेमके तेव्हाच तपासणी आली होती. त्याची शिक्षा म्हणून पितळी घंटा आठवडाभर मीच घासली.

उपयोगी काय पडले, याचे माझे उत्तर एका शब्दाचे आहे: दोर. माझे वडील अंबाडी भिजवून, तिचा वाख काढून चऱ्हाट वळत असत आणि पोळ्याच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या अंगणात दुसरे काम नसे. पेड कसा धरावा, पीळ कुठल्या अंगाला आहे, तो कुठे सैल पडला, हे बोटांना आधीच माहीत होते. दोराच्या टोकाला कायमचा फास कसा विणायचा, ज्याला जहाजावर आय स्प्लाइस म्हणतात, ते आम्हाला शिकवले गेले तेव्हा बाकीची मुले तीन पेड उलगडून त्यांच्याकडे पाहत बसली होती. तिन्ही पेड दोराच्या पिळाच्या उलट दिशेने न्यायचे, एका पेडावरून आणि पुढच्याच्या खालून असे ओवायचे, दर फेरीनंतर सारखे ओढून घ्यायचे. मी दोन प्रयत्नांत केला. उस्ताद नौदलातून निवृत्त झालेले होते आणि कौतुक करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी माझा फास पायाखाली घेऊन ओढून पाहिला आणि काही न बोलता पुढच्या मुलाकडे गेले. त्या दिवशी मला पुरणपोळी मिळाल्यासारखे वाटले.

आपल्या नातवाला एक गोष्ट आवर्जून सांगा, कारण हल्ली ती गावातही चुकते. अंबाडीच्या किंवा मनिलाच्या दोराला तीन फेऱ्या ओवल्या तरी चालते, कारण ते तंतू खरबरीत असतात आणि एकमेकांना धरून राहतात. नायलॉनचा किंवा प्लास्टिकचा दोर गुळगुळीत असतो, म्हणून त्याला किमान पाच फेऱ्या लागतात. आमच्याकडे आता सगळे कासरे नायलॉनचे झाले आहेत आणि लोक टोकाला गाठ मारून ती मेणबत्तीवर वितळवतात. ती सुटते. मागच्या वर्षी शेजाऱ्याचा बैल अशाच गाठीने सुटून दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरला आणि त्यावरून जो तंटा झाला तो अजून मिटलेला नाही. माझे कासरे मी स्वतः विणतो.


ध्रुवमत्स्य यांचे उत्तर

मी वरूडकडचा, संत्र्याच्या बागेतला. १९७८ च्या तुकडीत राजेंद्र या प्रशिक्षण जहाजावर कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून दाखल झालो आणि कॅप्टन म्हणून निवृत्त झालो. नव्या वाचकांसाठी थोडा क्रम सांगतो. मुंबई बंदरात १९२७ पासून डफरिन हे जुने जहाज अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी उभे होते. १९७२ मध्ये त्याची जागा राजेंद्रने घेतली आणि १९९३ मध्ये राजेंद्रही गेले व नवी मुंबईत नेरूळला चाणक्य सुरू झाले. चाणक्यच्या नावामागे आजही 'ट्रेनिंग शिप' लावतात. ते जमिनीवर आहे, ही गोष्ट आमच्या पिढीला थोडी खुपते. उभे असले तरी जहाज हे जहाज असते. त्याच्या पायऱ्या, त्याचा वास, रात्री त्याला धरून ठेवलेल्या साखळीचा आवाज आणि भरती-ओहोटीबरोबर त्याचे वळणे, हे वर्गात सांगता येत नाही. मी पहिल्या रात्री झोपलो तेव्हा गोल खिडकीतून शहराचे दिवे दिसत होते. पहाटे उठून त्याच खिडकीतून पाहिले तर समोर नुसते पाणी. शहर कुठे गेले म्हणून मी वर धावलो. शहर जागेवरच होते. ओहोटी लागल्यावर जहाजाने तोंड फिरवले होते. मुंबईला उधाणाच्या दिवसांत पाणी चार-साडेचार मीटर चढते आणि उतरते, हे मी पुस्तकात वाचले होते. परंतु पाण्याला रोज दोनदा येणे-जाणे असते, ही गोष्ट वर्धा आणि पैनगंगेच्या मुलाला पटायला ती सकाळ यावी लागली, कारण आमचे पाणी एकदा गेले की गेलेच.

गावाचे काय उपयोगी पडले, हा प्रश्न मला फार आवडला. माणिकगड यांचा दोर होता, तसे माझे आकाश होते. आमच्या शेतात रानडुकरांसाठी रात्री मचाणावर जागल करावी लागे आणि मी आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून आजोबांबरोबर जात असे. आजोबा शाळेत गेलेले नव्हते, पण नक्षत्रे त्यांना तोंडपाठ होती, कारण पेरणीचे सगळे हिशेब मृग, आर्द्रा, पुष्य, मघा यांवर चालत. रात्र किती उरली हे ते ताऱ्यांवरून सांगत आणि मला उठवून स्वतः झोपत. राजेंद्रवर आम्हाला तारे ओळखायला शिकवू लागले तेव्हा फळ्यावर इंग्रजी नावांची लांबलचक यादी आली आणि शहरातली, उत्तम इंग्रजी बोलणारी मुले ती घोकू लागली. मला घोकावी लागली नाही. आल्डेबरन ही आमची रोहिणी होती, रेग्युलस म्हणजे मघा, स्पायका म्हणजे चित्रा, आर्क्चुरस म्हणजे स्वाती, अँटारेस म्हणजे ज्येष्ठा, व्हेगा म्हणजे अभिजित, अल्टेअर म्हणजे श्रवण आणि दक्षिणेला खाली चमकणारा कॅनोपस म्हणजे अगस्ती. मी वहीत एका बाजूला त्यांची नावे आणि दुसऱ्या बाजूला आमची नावे लिहिली. इंग्रजीत सर्वांत मागे असलेला मुलगा ताऱ्यांच्या तोंडी परीक्षेत पुढे गेला, याचे वर्गाला आश्चर्य वाटले. मला मात्र आजोबांच्या घोंगडीचा वास आठवला.

ध्रुवाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. उत्तर गोलार्धात ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, तितकेच साधारणपणे आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला असतो. वरूडला तो साडेएकवीस अंशांच्या आसपास असतो, मुंबईला एकोणीसच्या. सेक्स्टंट (ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजायचे उपकरण) हातात आल्यावर मी पहिले काम हे केले की ध्रुवाची उंची मोजली आणि वजाबाकी करून पाहिली: आपण घरापासून अडीच अंश खाली आलो आहोत. दीडशे सागरी मैल दक्षिणेला. पुढे जहाज सिंगापूरकडे निघाले की तो रात्रीगणिक खाली उतरत जाई, तिथे पोहोचेपर्यंत क्षितिजाच्या धुरकटात नाहीसा होई आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेला मुळीच दिसत नसे. परतीच्या वाटेवर तो पुन्हा वर येऊ लागला की मला कोणी घरची तारीख सांगावी लागत नसे.

अडाणकाठ, आपण सारंग होता म्हणून एक कबुली देतो. कॅडेटला सगळे गणित येते आणि काम काहीच येत नाही. शाळेतून पहिल्या जहाजावर गेल्यावर मला जे जहाज समजले ते रत्नागिरीकडच्या एका वृद्ध सारंगामुळे, आणि मी त्यांना 'तुम्ही' म्हणायला दोन महिने लावले, याची लाज अजून वाटते.


हिंगणघाटी यांचे उत्तर

मी इंजिनखोलीतला माणूस आहे आणि वरची सुरेख उत्तरे वाचून मुद्दाम थोडे कडू लिहितो. शाळेचे नाव लिहीत नाही, कारण तिथले आजचे लोक वेगळे आहेत. परंतु मुलाला वाचून दाखवायचे असेल तर हेही वाचून दाखवा.

पहिल्या महिन्यात करून काय घेतात, याचे माझे उत्तर कानस हे आहे. लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा व्हाइसमध्ये आवळून दिला जाई आणि तो कानशीने घासून सहाही बाजूंनी काटकोनात करायचा असे. गुण्या लावून उजेडासमोर धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्या फटीतून उजेडाची रेघ दिसली की परत घासायचे. तीन आठवडे. तळहात फोडांनी भरून गेले. माझे वडील जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर होते आणि मी लहानपणी त्यांच्या हाताखाली पट्टे बदलायला जात असे, म्हणून कानस कशी धरायची हे मला येत होते. तरी माझाही तुकडा दोनदा भंगारात गेला. पुढे एका रात्री भर समुद्रात पंपाचा एक भाग तुटला, बदली भाग जहाजावर नव्हता आणि आम्ही तो हातानेच घासून बसवला, तेव्हा त्या तीन आठवड्यांचा राग गेला.

पण राग गेला नाही अशीही एक गोष्ट आहे. आमच्या वेळी वरच्या वर्गातली मुले रात्री आम्हाला उठवून पाण्याने भरलेली बादली हात लांब करून धरायला लावत, बोलण्याची नक्कल करत आणि 'आम्ही चाललो, आमाले भूक लागली' असे वऱ्हाडीत पुन्हा पुन्हा म्हणवून घेऊन हसत. माझ्याबरोबर आमच्याच जिल्ह्यातला एक मुलगा होता, माझ्यापेक्षा हुशार. चौथ्या दिवशी पहाटे तो पेटी घेऊन निघाला. मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो, पण चार शब्द बोलून थांबवले नाही, कारण मलाही जायचे होते आणि धाडस होत नव्हते. तो पुढे तहसील कचेरीत लागला. लग्नाकार्यात भेटतो, जहाजांविषयी सगळे विचारतो आणि त्या चार दिवसांविषयी आम्ही दोघेही बोलत नाही. ध्रुवमत्स्य यांनी सारंगांबद्दल जे लिहिले त्याबद्दल त्यांचा आदर वाटला. असे वरच्या वर्गातले कोणी लिहिलेले मी अजून वाचलेले नाही.

आता रॅगिंगविरुद्ध कायदा आहे, तक्रारीची सोय आहे आणि मुलांजवळ मोबाइल आहेत. तेव्हा नातवाला एवढेच सांगा की काम कितीही कष्टाचे असले तरी ते निमूट करावे, पण छळ निमूट सोसू नये, आणि या दोहोंतला फरक पहिल्या दिवशी कळला नाही तर घरी फोन करून विचारावा.


कारंज्याची लेक यांचे उत्तर

मी स्वतः जहाजावर गेलेली नाही, तरी लिहिते आहे, कारण माणिकगडकाकांनी नवलखीचे नाव घेतले आणि मी बराच वेळ पुढे वाचू शकले नाही. माझे बाबा नौलक्षीवर शिकले. ते आता नाहीत. त्यांनी आजीला तिथून लिहिलेली अकरा अंतर्देशीय पत्रे आमच्या घरी आहेत. आजीला वाचता येत नव्हते, म्हणून ती पत्रे गावातले गुरुजी वाचून दाखवत, आणि बहुधा त्यामुळेच बाबांनी त्यांत दुःखाचे काही लिहिलेले नाही. जेवणाचे मात्र लिहिले आहे: भाकर मिळत नाही, ताक मिळते, आणि वरणात गूळ घालतात, हे त्यांनी तीन पत्रांत तीनदा कळवले आहे.

एका पत्रात त्यांनी लिहिले आहे की इथला समुद्र सकाळी घर सोडून वावरात जातो आणि संध्याकाळी परत येतो. तो गेला की दूरवर नुसता चिखल उरतो आणि छोटी होडकी त्या चिखलात कलंडून पडतात. मी लहानपणी हे बाबांनी आजीसाठी रचलेले असेल असे समजत होते. पुढे नकाशात पाहिले तेव्हा कळले की नवलखी कच्छच्या आखाताच्या अगदी आतल्या टोकाशी आहे आणि तिथे भरती-ओहोटीतले अंतर फार मोठे असते.

पत्रांबरोबर त्यांची एक वहीही आहे. तिच्यात रंगीत पेन्सिलींनी काढलेले निशाणांचे चौकोन आहेत, गाठींची चित्रे आहेत आणि शेवटच्या पानावर काही शब्द एकाखाली एक लिहिले आहेत, त्यांतले 'हबेस' आणि 'आरिया' हे दोन मला कुठेही सापडले नाहीत. बाबा बैलगाडीतून पोती उतरवताना ते शब्द ओरडत असत आणि आम्ही मुले त्यांच्या मागे ओरडत असू. त्यांचा अर्थ काय, हे कोणी सांगाल का? निशाणांमध्ये निळ्या चौकोनाच्या मध्ये पांढरा चौकोन असलेल्या एका चित्राला बाबांनी दोनदा गोल केले आहे, तेही समजले नाही.


अडाणकाठ यांचे उत्तर

ताई, आपल्या बाबांना माझा नमस्कार. हबेस म्हणजे ओढा, वर घ्या. आणि आरिया म्हणजे सोडा, खाली येऊ द्या. आरिया हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला आहे. आपल्या खलाशांची बोली अशीच चार मुलखांची आहे: सारंग फारशीतून आला, सुखाणी अरबीतून, आणि काही हुकूम पोर्तुगीजांचे. पोती उतरवताना आपले बाबा अगदी बरोबर शब्द वापरत होते. ते निळे-पांढरे निशाण पी अक्षराचे आहे. बंदरात उभ्या असलेल्या जहाजावर ते चढले की जहाज निघणार आहे, सगळ्यांनी परत यावे, असा त्याचा अर्थ होतो. गावात जाऊन वेळेवर न परतणाऱ्या मुलांना ते पाठ करायला लावत. आम्हालाही लावले होते. दोनदा गोल का केले असेल, याचा अंदाज मी करू शकतो, पण तो आपल्या घरचा विषय आहे.

हिंगणघाटी, आपले उत्तर मी मुलाला दोनदा वाचून दाखवले.


खामगाव डेक यांचे उत्तर

मी या सर्वांत लहान आहे, सध्या सुखाणी म्हणून काम करतो आणि सुट्टीवर गावी आलो आहे. शाळेच्या आठवणी माझ्या फार जुन्या नाहीत, म्हणून फक्त कामाचे लिहितो. जी. पी. रेटिंगचा अभ्यासक्रम सहा महिन्यांचा आणि निवासी असतो. इंग्रजीत दहावीला किंवा बारावीला किमान ४० टक्के लागतात. वय साडेसतरा ते पंचवीस यांच्या दरम्यान हवे. संस्था नौवहन महासंचालनालयाची मान्यता असलेलीच असावी, आणि ती यादी त्यांच्या संकेतस्थळावर सहज पाहता येते.

हे इतके ठासून लिहिण्याचे कारण माझ्या घरचे आहे. आमच्या तालुक्याच्या गावी एक एजंट होता. त्याने 'थेट जहाजावर लावतो' म्हणून माझ्या वडिलांकडून अडीच लाख रुपये घेतले. त्यासाठी वडिलांनी बैलजोडी विकली आणि उरलेले सावकाराकडून आणले. मला एका बंद गाळ्यात पंधरा दिवस बसवून एक छापील प्रमाणपत्र दिले गेले. ते घेऊन मी नली काढायला गेलो तेव्हा समजले की त्या कागदाला काहीही किंमत नाही. (नली म्हणजे सीडीसी, जहाजावरच्या नोकरीची नोंदवही. आमच्यात अजून नलीच म्हणतात.) नंतर मी रीतसर संस्थेत शिकलो, पण त्यात दोन वर्षे गेली. खलाशांची भरती करणाऱ्या कंपनीला सरकारी परवाना लागतो, त्याचा क्रमांक तपासता येतो, आणि नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणे हे नियमातच बसत नाही. कोणी मागितले की तिथून उठावे. अभ्यासक्रम झाला की लगेच जहाज मिळते असेही नाही. मी सात महिने वाट पाहिली.

आणि काका, पैसे भरण्याच्या आधी, फॉर्म भरण्याच्याही आधी, मुलाचे डोळे तपासून घ्या. नुसती नजर पुरत नाही. ठिपक्यांच्या चित्रांतले अंक ओळखायला लावतात ती रंगांची तपासणी महत्त्वाची असते. रात्री समोरून येणाऱ्या जहाजाची डावी बाजू लाल दिव्याने आणि उजवी हिरव्या दिव्याने कळते. ज्याला तो फरक दिसत नाही त्याला डेकवर घेत नाहीत, आणि त्यावर उपचार नाही. माझ्या तुकडीतल्या एका मुलाला हे सगळी फी भरून झाल्यावर समजले.


अडाणकाठ यांचे उत्तर

खामगावच्या भाऊंचे म्हणणे वाचले आणि मी जरा चपापलो, कारण मुलाच्या आजोळी एका मामाला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. कच्च्या आणि पिकल्या मिरचीवरून लोक त्याची थट्टा करतात. हा दोष बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो असे डॉक्टर सांगतात. मुलाला मी काल संध्याकाळी वावरात नेले आणि बांधावरून तुरीत बसलेले पोपट दाखवायला सांगितले, पण तो पोपटांच्या आवाजावरूनही ओळखू शकतो हे माझ्या नंतर लक्षात आले.

तेव्हा घरची परीक्षा सोडून दिली आहे. गुरुवारी यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणार आहोत. माणिकगडभाऊ, तोवर त्याच्या हातात एक नायलॉनचा कासरा देऊन ठेवला आहे. चार फेऱ्या झाल्या आहेत, पाचवी तो चुकून पिळाच्याच दिशेने ओवतो आहे आणि मी मुद्दाम काही बोललेलो नाही.